गॅस गिझर लावताय? आधी जागा ठरवा

थंडी पडू लागली की मिरज-सांगलीच्या वाचकांचे ठरावीक प्रश्न यायला लागतात. कोणत्या कंपनीचा गॅस गिझर घ्यावा? चौघांच्या घराला सहा लिटरचा पुरतो का? शेगडीच्याच सिलिंडरवर जोडला तर चालेल का? आणि या सगळ्यांच्या शेवटी, जाता जाता विचारलेला एक प्रश्न असतो : "बाथरूममध्ये झरोका आहे, मग आतच लावायला हरकत नाही ना?"

हा शेवटचा प्रश्न खरं तर सगळ्यात आधी विचारायला हवा, आणि त्याचं उत्तर स्पष्ट आहे : हरकत आहे. आपल्या बाजारात मिळणारा नेहमीचा गॅस गिझर बाथरूमच्या आत लावू नका. झरोका असला तरी नको, एक्झॉस्ट फॅन असला तरी नको, "सगळे तिथेच लावतात" असं दुकानदारानं सांगितलं तरी नको. कंपनी, लिटर, किंमत हे सगळं नंतर ठरवता येतं. जागा चुकली तर महागातला महाग गिझरही जीव घेऊ शकतो.

बाथरूमच्या हवेचा हिशेब

मिरजेत जुन्या वाड्यातल्या मोरीचं मागाहून बाथरूम केलेलं असो की नव्या अपार्टमेंटमधलं असो, ते साधारण चार फूट बाय सहा फुटांचं आणि आठ फूट उंच असतं. म्हणजे आत सुमारे साडेपाच घनमीटर हवा.

सहा लिटरचा गिझर पूर्ण जाळावर तासाला साधारण ९०० ग्रॅम गॅस जाळतो. स्वयंपाकाच्या शेगडीचे चार-पाच बर्नर एकदम पेटवल्यासारखंच ते आहे. दहा मिनिटांच्या आंघोळीत दीडशे ग्रॅम गॅस जळतो. एक किलो एलपीजी नीट जळायला बारा-तेरा घनमीटर हवा लागते. या हिशेबानं दहा मिनिटांत त्या बंद खोलीतली जवळजवळ दोन घनमीटर हवा, म्हणजे एक तृतीयांशाहून जास्त, गिझरच वापरतो. श्वास तुम्ही त्याच हवेत घेत असता.

हवेतला ऑक्सिजन कमी पडू लागला की गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. या वायूला रंग नाही, वास नाही, डोळे चुरचुरत नाहीत, खोकला येत नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो. आधी डोकं जड होतं, मग पायातली ताकद जाते. काहीतरी बिघडलंय हे कळेपर्यंत उठून कडी काढायचंही त्राण उरत नाही.

मार्च २०२३ मध्ये मुंबईत घाटकोपरला रंग खेळून आलेलं एक दांपत्य बाथरूममध्ये मृतावस्थेत सापडलं, तेव्हा संशय गॅस गिझरच्या वायूवरच व्यक्त झाला होता. आपल्याकडे रंगपंचमीला असाच रंग धुवायला वेळ लागतो. दिवाळीच्या पहिल्या आंघोळीला घर पाहुण्यांनी भरलेलं असतं आणि एकामागून एक आंघोळी चालतात. पहिल्याच्या वेळी तयार झालेला वायू दार पूर्ण उघडं राहिलं नाही तर तिसऱ्या-चौथ्यापर्यंत साठत जातो. सगळ्यात जास्त काळजी याच दिवसांत घ्यायला हवी.

चार गैरसमज, जे आधी डोक्यातून काढायला हवेत

- "गॅसचा वास येत नाही, म्हणजे धोका नाही." सिलिंडरमधल्या गॅसची गळती कळावी म्हणून त्यात उग्र वासाचं रसायन मिसळलेलं असतं. ते गॅसबरोबर जळून जातं. जळल्यानंतर तयार होणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. गळती आणि विषारी वायू हे दोन वेगळे धोके आहेत.
- "एक्झॉस्ट फॅन आहे." दार आणि खिडकी बंद असेल तर फॅन हवा ओढणार कुठून? बाहेरची ताजी हवा आत यायला वाट नसेल तर तो नुसता फिरतो. गिझरला धूर बाहेर नेणारी नळी असेल, तर तोच धूर उलटा खोलीत ओढला जाऊ शकतो.
- "माझ्या गिझरला ऑक्सिजन सेन्सर आहे, वीस मिनिटांनी आपोआप बंदही होतो." दोन्ही सोयी चांगल्या आहेत, त्या असलेलाच गिझर घ्या. पण वीस मिनिटं हा लहान बाथरूममध्ये फार मोठा वेळ आहे आणि बंद झालेला गिझर नळ पुन्हा सोडला की पुन्हा पेटतो. ही शेवटची राखण आहे. तिच्या भरवशावर जागा ठरवायची नसते.
- "दहा वर्षं आत लावलाय, काही झालं नाही." नवा गिझर स्वच्छ जळतो. तांब्याच्या पट्ट्यांत काजळी साठली, जेट अर्धवट बुजला, किंवा थंडीत कुणी झरोक्याला प्लॅस्टिक लावलं की तोच गिझर वेगळा वागू लागतो.

घरोघरी पाणी तापवायचे बंब असायचे तेव्हा ते परसात किंवा हवेशीर न्हाणीघरात पेटवत आणि धूर वर जायला मधोमध नळकांडं असे. जाळ आणि धूर माणसापासून दूर ठेवायचा, हा धडा त्या पिढीला धुरानंच शिकवला. गॅसचा धूर दिसत नाही, म्हणून आपण तो विसरलो.

मग गिझर लावायचा कुठे?

योग्य जागेपासून सुरुवात करू :

१. बाथरूमच्या बाहेरच्या भिंतीवर, उघड्या हवेत. मागचा बोळ, परस, उघडी गॅलरी, गच्ची. वर पत्र्याची किंवा स्लॅबची छपरी असावी, म्हणजे पावसाचं पाणी जाणार नाही. बाजू मोकळ्या हव्यात.

२. उघड्या ड्राय बाल्कनीत. पण बाल्कनीला काचेच्या सरकत्या खिडक्या बसवून ती बंद केली असेल, तर ती बाल्कनी राहिली नाही, खोली झाली. तिथे गिझर नको.

३. घरातच लावण्यावाचून गत्यंतर नसेल तर धूर नळीनं थेट बाहेर सोडणारा आणि शक्यतो जळणासाठीची हवाही बाहेरूनच घेणारा प्रकार घ्या. तो महाग असतो आणि कंपनीच्या माणसाकडूनच बसवून घ्यावा लागतो. इंग्लंडमध्ये कायद्यानं बाथरूममध्ये फक्त याच बंदिस्त प्रकारचं गॅसचं उपकरण लावता येतं. १९९८ पासूनच्या तिथल्या नियमांत हे स्पष्ट लिहिलेलं आहे. आपल्याकडच्या नेहमीच्या गिझरचा धूर मात्र सरळ खोलीतच सुटतो.

जागा बाहेरची असली तरी चार गोष्टी पाहा :

- बाथरूमच्या किंवा झोपायच्या खोलीच्या झरोक्याखाली गिझर येऊ देऊ नका. गरम वायू वर जातो आणि त्याच झरोक्यातून आत शिरतो.
- अपार्टमेंटच्या डक्टमध्ये गिझर लावू नका. तुमचा धूर वरच्या मजल्यांच्या बाथरूममध्ये जाईल. शेजाऱ्यानं तिथे लावला असेल तर सोसायटीच्या बैठकीत विषय काढा. वाईटपणा येईल म्हणून गप्प बसू नका.
- वाऱ्याचा थेट झोत लागेल अशा कोपऱ्यात जाळ विझतो किंवा पिवळा होतो. आडोसा हवा, पण पेटीत कोंडल्यासारखा नको.
- गिझरच्या वर आणि बाजूला कपडे वाळत घालायची दोरी, प्लॅस्टिकचे पत्रे, लाकडी फळी नको. किती अंतर मोकळं सोडायचं ते कंपनीच्या पुस्तिकेत दिलेलं असतं. बसवणाऱ्याला ते पान उघडून दाखवा.

बाहेरून बाथरूमपर्यंत गरम पाणी आणायला सीपीव्हीसी पाइप वापरा आणि त्यावर फोमचं आवरण घाला. पाइप काही फूट वाढतो आणि सुरुवातीला थोडं गार पाणी येतं, इतकंच नुकसान.

सिलिंडर, नळी आणि रेग्युलेटर

एलपीजी हवेपेक्षा जड असतो. गळला तर तो जमिनीलगत पसरतो आणि गटारात, तळघरात, जिन्याखालच्या कपाटात साठतो. म्हणून :

- सिलिंडर नेहमी उभा, सपाट आणि मोकळ्या जागी ठेवा. जमिनीच्या पातळीखाली, बंद कपाटात किंवा गटाराच्या जाळीजवळ नको. थेट ऊन लागेल अशीही जागा नको.
- शेगडीच्या नळीला मध्येच टी जोडून गिझरला गॅस देऊ नका. एकाच सिलिंडरवर दोन उपकरणं हवी असतील तर गॅस एजन्सीला सांगून तांब्याची किंवा लोखंडी पक्की लाइन करून घ्या. प्रत्येक उपकरणाला स्वतंत्र कॉक असावा. दुसरा सिलिंडर असेल तर गिझरला तो वेगळा ठेवणं सोपं पडतं.
- नळी 'सुरक्षा' प्रकारची, आयएसआय चिन्हाची हवी. तिच्यावर वर्ष छापलेलं असतं. पाच वर्षं झाली की चांगली दिसत असली तरी बदला. दीड मीटरपेक्षा लांब नळी नको, आणि ती भिंतीत गाडलेली किंवा गिझरच्या अंगाला टेकलेली नको.
- घरगुती रेग्युलेटर एजन्सीचाच वापरा. बाजारातले 'जास्त प्रेशरचे' रेग्युलेटर हॉटेलच्या भट्टीसाठी असतात. ते लावले तर गिझरचा जाळ बिघडतो.

पाइपचा गॅस घेणार असाल तर

सांगली आणि सातारा जिल्ह्यांत पाइपच्या गॅसचं काम २०१८ च्या लिलाव फेरीतून भारत पेट्रोलियमच्या उपकंपनीकडे गेलं आणि ती पुढे मूळ कंपनीत विलीन झाली. तुमच्या गल्लीत जोडणी आली असेल, तर जुना गिझर तसाच त्यावर लावू नका. सिलिंडरचा गॅस आणि पाइपचा गॅस यांचा दाब वेगळा, जेट वेगळे. बदल करता येतो का आणि तो कोण करेल हे गिझरच्या कंपनीला आणि गॅस कंपनीला, दोघांनाही विचारा. पाइपचा नैसर्गिक गॅस हवेपेक्षा हलका असतो, गळला तर छताकडे जातो. पण अर्धवट जळला तर कार्बन मोनॉक्साइड त्याचाही होतो. त्यामुळे जागेचा नियम तोच.

खरेदी करताना काय पाहाल?

- आयएसआय चिन्ह आणि त्यावर आयएस १५५५८ हा क्रमांक. एलपीजीवरच्या छोट्या घरगुती गिझरसाठीचं हे भारतीय मानक आहे. चिन्हाखाली सीएम/एल ने सुरू होणारा परवाना क्रमांक असतो. तो मोबाइलमधल्या 'बीआयएस केअर' ॲपमध्ये घालून दुकानातच तपासा.
- जाळ विझला तर गॅस बंद करणारी सोय, ऑक्सिजन कमी झाल्यास बंद होण्याची सोय, जास्त तापल्यास बंद होण्याची सोय आणि वेळेचं बंधन. या चारही गोष्टी पुस्तिकेत लिहिलेल्या आहेत का ते वाचा.
- लिटर. मिनिटाला सहा लिटर म्हणजे पंचवीस अंशांनी तापवलेलं सहा लिटर पाणी, असा साधारण हिशेब. बादलीनं आंघोळ करणाऱ्या घराला तेवढा पुरे. मोठा गिझर म्हणजे तितकाच जास्त जाळ आणि तितकीच जास्त हवा.
- पाण्याचा दाब. टाकी गिझरपेक्षा दोन-तीन मीटर तरी उंच हवी. तळमजल्याला अडचण येत नाही, पण गच्चीवर किंवा सर्वांत वरच्या मजल्यावर गिझर पेटतच नाही, अशी तक्रार याच कारणानं येते.
- बोअरचं पाणी. जड पाण्याचा क्षार तांब्याच्या नळीत साठतो. वर्षाला एकदा सफाई करून देणारं सेवाकेंद्र मिरज-सांगलीत आहे का, हे पैसे देण्याआधी विचारा.
- पक्कं बिल. त्यावर मॉडेल आणि अनुक्रमांक हवा. बसवण्याचे पैसे वेगळे घेतले तर त्याचीही पावती हवी.

बसवताना, पायरी पायरीनं

१. कंपनीच्या सेवाकेंद्राचा माणूस बोलवा. गॅसची बाजू एजन्सीचा मेकॅनिक करेल. नळजोडणी प्लंबरनं करायला हरकत नाही, पण गॅसची जोडणी एकट्या प्लंबरवर सोडू नका.

२. पाण्याच्या पाइपात वाळू, सिमेंटचे कण असतात. गिझर जोडण्याआधी नळ सोडून पाइप धुऊन घ्या आणि आत येणाऱ्या पाण्याला गाळणी बसवा.

३. भिंत पक्की असावी. पोकळ किंवा ओल धरलेल्या जुन्या भिंतीत खिळे टिकत नाहीत. वाड्याच्या मातीच्या भिंतीवर आधी लोखंडी पट्टीचा आधार घ्या.

४. गॅस सोडल्यावर प्रत्येक जोडावर साबणाचा फेस लावा. बुडबुडे आले तर गळती आहे. काडी पेटवून गळती शोधणाऱ्याला तिथेच थांबवा.

५. सेल नवे घाला, मग नळ सोडा. जाळ स्थिर आणि निळा हवा. टोकं पिवळी, जाळ नाचरा किंवा पेटताना 'भप्' असा आवाज येत असेल तर काम पुरं झालेलं नाही.

६. गिझर दहा मिनिटं चालवा आणि त्या वेळात बाथरूममध्ये किंवा शेजारच्या खोलीत गरम, कोंदट हवा येते का ते स्वतः उभं राहून पाहा.

७. माणूस जाण्याआधी गॅसचा मुख्य कॉक कुठे आहे आणि तो कसा बंद करायचा, हे घरातल्या प्रत्येकाला, आजी-आजोबांनाही, करून दाखवायला सांगा.

आधीच बाथरूममध्ये लावलेला असेल तर

मिरजेत अशी घरं पुष्कळ आहेत. हलवायला दोन-चार दिवस लागणार असतील, तर आजपासून एवढं करा :

- दार सताड उघडं ठेवून बादली भरा. गिझर आणि गॅसचा कॉक बंद करा. वाफ आणि हवा बाहेर जाऊ द्या. मग आंघोळीला जा. गिझर चालू असताना बाथरूमचं दार बंद करून कुणीही आत थांबायचं नाही.
- एका आंघोळीनंतर दुसऱ्याचं पाणी लगेच काढू नका.
- लहान मुलं, गरोदर बाई, वृद्ध माणसं, हृदयविकार किंवा रक्ताची कमतरता असलेली माणसं यांना आधी आणि जास्त त्रास होतो. त्यांच्यासाठी पाणी शेगडीवर तापवा.
- आतून कडी लावायची सवय काही दिवस सोडा.

हा तात्पुरता उपाय आहे. हलवण्याचा खर्च म्हणजे पाइप, दोन कोपरे, नळी आणि एका दिवसाची मजुरी.

अलार्म घ्यायचा असेल तर नीट पाहून घ्या

'गॅस डिटेक्टर' म्हणून मिळणारं यंत्र बहुतेक वेळा फक्त एलपीजीची गळती ओळखतं. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म वेगळा असतो. खोक्यावर 'कार्बन मोनॉक्साइड' असं लिहिलेलं आहे का ते पाहा. तो बाथरूमच्या वाफेत लावू नका. लगतच्या खोलीत, पुस्तिकेत सांगितलेल्या उंचीवर लावा.

कुणी आत कोसळलं तर

- आवाज देऊन वेळ घालवू नका. दार तोडा, पण आत शिरून तिथेच थांबू नका. गॅस बंद करा, माणसाला मोकळ्या हवेत ओढून आणा.
- १०८ ला फोन करा. श्वास थांबला असेल तर छातीवर दाब देणं लगेच सुरू करा.
- डॉक्टरांना पहिलं वाक्य हेच सांगा : "बाथरूममध्ये गॅस गिझर चालू होता." हे सांगितलं नाही तर चक्कर, बीपी, उपवासाचं पित्त किंवा फिट म्हणून उपचार होऊ शकतात. गॅस गिझरमुळे आलेले झटके अपस्मार समजले गेल्याचं आपल्या देशातल्या मेंदूविकारतज्ज्ञांनी वैद्यकीय नियतकालिकांतून नोंदवलेलं आहे.
- बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवर विसंबू नका. कार्बन मोनॉक्साइडनं भरलेलं रक्त त्याला ऑक्सिजनचं वाटतं आणि तो आकडा नेहमीसारखा दाखवतो. रक्तातल्या कार्बॉक्सिहिमोग्लोबिनची तपासणी वेगळी असते.
- माणूस शुद्धीवर आला, बोलू लागला तरी दवाखान्यात न्या. साध्या हवेत हा वायू रक्तातून निम्मा व्हायला चार-पाच तास लागतात. पूर्ण ऑक्सिजनवर तोच वेळ साधारण तासा-दीड तासावर येतो. मेंदूवरचे परिणाम काही दिवसांनीही दिसू शकतात.

१८९४ पासूनच्या वानलेस हॉस्पिटलमुळे आणि शासकीय वैद्यकीय महाविद्यालयामुळे मिरज उपचारांचं गाव म्हणून ओळखलं जातं. ऑक्सिजन आपल्याकडे काही मिनिटांच्या अंतरावर आहे. या सोयीचा उपयोग वेळेत आणि खरं कारण सांगून केला तरच होतो.

गॅसच्या गळतीचा वास आला तर मात्र विजेचं कुठलंही बटण चालू किंवा बंद करू नका. रेग्युलेटर बंद करा, दारं-खिडक्या उघडा, बाहेर पडा आणि बाहेरूनच १९०६ या चोवीस तास चालणाऱ्या आपत्कालीन क्रमांकावर फोन करा.

भाड्यानं राहत असाल तर

मिरजेत शिकणारी मुलं, परिचारिका आणि रुग्णांचे नातेवाईक यांच्यासाठी भाड्याच्या खोल्या गल्लोगल्ली आहेत. खोली पाहायला जाल तेव्हा नळाबरोबर गिझरही पाहा. बाथरूममध्ये गॅस गिझर असेल तर करार करण्याआधीच तो बाहेर हलवून मागा किंवा विजेचा मागा.

- लिव्ह अँड लायसन्सच्या करारात गिझर कुठे आहे, त्याची दुरुस्ती आणि वार्षिक तपासणी कोण करणार, हे एका ओळीत लिहून घ्या.
- राहायला गेल्यावर लक्षात आलं तर मालकाला फोटोसह लेखी कळवा. व्हॉट्सॲपवर पाठवलेला मजकूर जपून ठेवा.
- जे रीतसर भाडेकरू आहेत त्यांच्यासाठी महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम १४ नुसार घर चांगल्या स्थितीत ठेवणं ही मालकाची जबाबदारी आहे.

घरमालकांनाही सांगणं आहे. खोलीत गिझर दिला की जबाबदारीही तुमचीच. दर पावसाळ्यानंतर एकदा मेकॅनिक बोलवा आणि वापराच्या सूचना दारावर मराठी, कन्नड आणि हिंदीत लावा. मिरजेच्या खोल्यांत कर्नाटकातून आलेले रुग्णांचे नातेवाईकही असतात.

तुमचे हक्क

- तपासणी. गॅस एजन्सीकडून घरातल्या जोडणीची पाच वर्षांतून एकदा सुरक्षा तपासणी होते. माणूस आला नसेल तर मागा, आणि आल्यावर गिझरची जोडणीही दाखवा.
- विमा. एलपीजी हे आगीचं मूळ कारण असलेल्या अपघातासाठी तेल कंपन्यांचा सामूहिक विमा असतो. मृत्यूसाठी माणशी सहा लाख, उपचारांसाठी माणशी दोन लाखांपर्यंत, आणि नोंदणीच्या पत्त्यावरच्या मालमत्तेच्या नुकसानीसाठी दोन लाखांपर्यंत अशी मर्यादा आहे. अपघात झाल्यास एजन्सीला ताबडतोब लेखी कळवा. पत्ता बदलला असेल तर तो एजन्सीकडे बदलून घ्या, आणि नळी-रेग्युलेटर मान्यताप्राप्तच ठेवा.
- सदोष माल किंवा चुकीची बसवणी. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. त्यानं काम झालं नाही तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. पाच लाखांपर्यंतच्या वस्तूसाठी शुल्क नाही आणि वकील सक्तीचा नाही. बिल, पावती, फोटो मात्र हवेत.

बाहेर जागाच नसेल तर

काही घरांत खरोखरच बाहेर भिंत नसते. त्यांनी गॅसचा हट्ट धरू नये. वीस लिटरची बादली वीस अंशांनी तापवायला साधारण अर्धा युनिट वीज लागते, गॅसवर तेच काम सुमारे ४५ ग्रॅममध्ये होतं. म्हणजे १४.२ किलोच्या सिलिंडरमध्ये साधारण तीनशे बादल्या, आणि त्याच तीनशे बादल्यांना दीडशे युनिट वीज. तुमच्या सिलिंडरची आजची किंमत आणि विजेच्या बिलातला तुमच्या टप्प्याचा दर घालून फरक काढा.

- विजेचा साठवणीचा गिझर : १५ लिटर, दोन किलोवॉट, जास्त स्टारचा. चांगलं अर्थिंग आणि आरसीसीबी या दोन गोष्टी असल्याशिवाय लावू नका.
- सौर बंब : गच्चीचा हक्क असेल आणि घरात माणसं जास्त असतील तर सांगली जिल्ह्याच्या उन्हाला हा उत्तम. ढगाळ दिवसांसाठी विजेची जोड ठेवा.
- शेगडीवर पातेलं : एक-दोन माणसांच्या घराला हेही पुरतं.

वीज गेली तरी सेलवर पेटतो, म्हणून भारनियमनाच्या काळात गॅस गिझर आपल्याकडे घराघरांत शिरला. सोय खरी आहे आणि ती सोडा असं कुणी म्हणत नाही. फक्त तो बाहेर लावा. ज्यांच्या बाथरूममध्ये आज गिझर आहे त्यांनी हा अंक बाजूला ठेवण्याआधी मेकॅनिकला फोन करावा, आणि तो येईपर्यंत गिझर चालू असताना बाथरूमचं दार लावू नये.